अण्णांचा पहिला निकाल

धनपाल अण्णांनी एखाद्या गोष्टीला पहिल्या दिवशी बरं म्हटलं, असं आमच्या गल्लीत कुणालाही आठवत नाही. गल्लीत नवा रस्ता झाला, अण्णा म्हणाले, "पावसाळा काढत न्हाई ह्यो." शेजारी नवा जावई आला, "नाकाकडं बघा त्याच्या, भांडणार ह्यो." त्यांच्या दुकानासमोर माझं मेडिकल सुरू झालं, तेव्हा माझ्या हातचा पेढा तोंडात असतानाच त्यांनी भविष्य सांगितलं, "हितं चालायचं न्हाई हे, विन्या. ह्या गल्लीत कोण आजारी पडत न्हाई." पुढं अण्णांचं ब्लडप्रेशर, अण्णांची साखर आणि अण्णांचं पित्त यांच्यावरच माझं दुकान उभं राहिलं, ही गोष्ट वेगळी. त्याबद्दल कधी बोललो तर म्हणायचे, "मग? मी म्हणलोतो की चालणार म्हणून."

अण्णांचं भांड्यांचं दुकान. खाली दुकान, वर घर. पांढरा शर्ट, पांढरी विजार, कपाळाला बस्तीतलं गंध. बस्ती म्हणजे आमच्याकडचं जैन मंदिर. तिथलं दर्शन झाल्याशिवाय अण्णा कुलपाला हात लावत नसत. दिवस मावळायच्या आत जेवण, कांदा-लसूण वर्ज्य, गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत. असा हा माणूस लांबून बघितला तर गल्लीतल्या चारचौघांसारखाच. पण दुकानात पाय ठेवला की हंडे-पातेल्यांच्या उतरंडीमागून अशी काही गिटार किंचाळायची, की नवखं माणूस दारातच थबकायचं.

इंग्लंडातला एक रॉक बँड हे अण्णांचं दैवत होतं, असं मी लिहिणार होतो, पण ते खरं नाही. दैवताशी माणूस जरा अदबीनं वागतो. अण्णा त्या बँडशी भावकीतल्या पोरांशी वागावं तसं वागायचे. बँडचं नाव मी लिहीत नाही, कारण मी ते कसंही लिहिलं तरी अण्णा चूकच काढणार. ते स्वतः नाव कधी घेत नसत. 'आपली पोरं' म्हणायचे. पोरांतलं सगळ्यात लहान पोरगं सत्तरीला आलेलं. गाणारा तो 'थोरला', गिटारवाला 'धाकटा', ढोल बडवणारा 'आडदांड', आणि मागं उभा राहून जाड तारांची गिटार वाजवणारा तो 'गरीब', कारण तो कधी काही बोलत नाही. कॉलेजात असताना वसतिगृहातल्या एका गोव्याच्या पोरानं जाताना एक कॅसेट मागं ठेवली आणि ती अण्णांनी वाजवून बघितली, एवढाच या नात्याचा उगम. वडिलांनी ती ऐकून टेपरेकॉर्डर दुरुस्तीला पाठवला होता म्हणतात.

एकदा कोडोलीहून एक कुटुंब लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आलं. आई, बाप, दोन आत्या आणि खुद्द नवरी. आत थोरला गळा फाडून ओरडत होता. बापानं थोडा वेळ सोसलं आणि मग अगदी काळजीनं विचारलं, "मालक, आत कोण अडकलंय काय?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "कोण अडकलं न्हाई, पावणं. गाणं हाय ते. बसा. संपेस्तोवर भाव सांगत न्हाई."

आणि खरोखर सांगितला नाही. गाणं चांगलं लांबलचक होतं. मध्ये थोरला थांबला तेव्हा सगळ्यांना वाटलं सुटलो, तर धाकट्याची गिटार एकटीच सुरू झाली. आत्यांनी पानाची चंची सोडली. बाप घड्याळ बघायला लागला. नवरीची मान मात्र हळूहळू हलायला लागली. ते बघितल्यावर अण्णांनी गाणं संपल्या संपल्या एक पितळी तांब्या स्वतःकडून तिच्या हातात ठेवला आणि बापाला म्हणाले, "पोरगी शाणी हाय. जपून नांदवा म्हणावं सासरच्यास्नी." बाकीच्या भांड्यांच्या भावात त्यांनी एक पैसा सोडला नाही.

पोरं एकदाच आपल्या देशात आली, बेंगळुरूला. अण्णा जाणार हे ठरलेलंच होतं. पद्मावैनी, म्हणजे अण्णांच्या मंडळी, म्हणाल्या, "एकट्यास्नी सोडत न्हाई." त्यामुळं सोबतीला कदम सर गेले. कदम सर हे अण्णांचे बालमित्र, शाळेत खेळाचे शिक्षक होते, तरुणपणी पैलवानकी केलेली. शिट्टी आणि हलगी सोडून तिसरा आवाज त्यांच्या कानानं कधी मनावर घेतला नव्हता. माझ्या दुकानातून त्यांनी कापसाचं मोठं बंडल नेलं.

तिथं गाणी दिवस मावळल्यावर सुरू होणार, आणि अण्णांचं जेवण दिवस मावळायच्या आत. म्हणून आत सोडायच्या रांगेतच त्यांनी डबा उघडला. पुढं-मागं काळे शर्ट घातलेली पोरं, कुणाच्या छातीवर कवटी, कुणाच्या दंडावर साप. मध्ये हे पांढऱ्या शर्टातले गृहस्थ रस्त्याच्या कडेला मांडी घालून दशमी खातायत. एकट्यानं खायचं कसं, म्हणून त्यांनी शेजारच्या कवटीवाल्यालाही दशमी दिली. "घे रे. शेंगांची चटणी हाय, घरची." कवटीवाल्यानं खाल्ली, मग सापवाल्यानं खाल्ली, मग रांगेत वार्ता पसरली. शेवटी अण्णांच्या वाटणीला अर्धी दशमी उरली. आत गेल्यावर त्याच पोरांनी अण्णांना उचलून पार पुढं नेलं, आणि कदम सर कानात कापूस घालून मागं एकटेच उभे राहिले, हे सर अजून विसरलेले नाहीत.

परत आल्यावर मी हौसेनं विचारलं, "कसं झालं, अण्णा?"

"पोरं वाळल्यात," अण्णा म्हणाले. "थोरल्याच्या गालाची हाडं दिसाल्यात. तिकडं काय खात्यात कुणास ठाऊक."

पुढचे काही दिवस त्यांना हीच एक चिंता होती. असा हा माणूस वैताग आणणारा होता आणि मला फार आवडायचा.

पण अण्णांचं खरं रूप दिसायचं ते पोरांचा नवा अल्बम आला म्हणजे. त्या दिवसाचा एक रिवाज होता. सकाळी बस्ती, मग दुकान, मग स्पीकरला उदबत्ती. कदम सरांनी आणि मी हजर राहायचं. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तो प्रश्नच नव्हता. निकाल ऐकायला पंच लागतात. पूर्वी कॅसेट पुण्या-मुंबईहून महिन्या-दोन महिन्यांनी यायची, आता फोनवर लंडनमध्ये आणि आमच्या गल्लीत एकाच दिवशी येते. अण्णांना ते पटलेलं नव्हतं. "आदी वाट तर बघाय लागत होती," म्हणायचे.

अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकायचा. मध्ये बोलायचं नाही, गिऱ्हाइकाला बघायचं नाही. अण्णा डोळे मिटून, मांडीवर पालथं पातेलं घेऊन बसायचे. पातेलं कशाला ते विचारायची सोय नव्हती. शेवटचं गाणं संपलं की डोळे उघडायचे आणि निकाल द्यायचे. निकाल ठरलेला असायचा.

"संपली. पोरं संपली."

हा निकाल मी स्वतः चार-पाच अल्बमना ऐकलाय. मग कदम सर मांडी सावरून पुढं सरकायचे. सरांचं तत्त्व एकच. धनपाल जे म्हणेल त्याच्या उलट आपलं मत.

"आरं खुळ्या, पैलवान आखाड्यात उतरला न्हाई तवर चीत झाला म्हणतोस? पाठ तर टेकूदे!"

"तुला काय कळतंय रे कदम्या? कापूस घालून ऐकणारा तू!"

"कापूस घालून सुदिक कळलं मला. तुला उघड्या कानानं कळंना!"

तिथून जे सुरू व्हायचं ते जेवायची वेळ होईपर्यंत. दोघांची घराणी निघायची, शाळेतल्या चोऱ्या निघायच्या. पेठेच्या फुटबॉल टीमपर्यंत गाडी आली की आवाज रस्त्याच्या टोकाला जायचा, कारण ती टीम हा सरांचा प्राण आणि अण्णांचं आवडतं खुसपट. वरून जिन्यावर पद्मावैनी ओरडायच्या, "गिऱ्हाईक परत चाललंय! त्या ओरडणाऱ्यास्नी बंद करा, आणि तुमी पण बंद व्हा!" त्या आवाजाबद्दल वैनींना लग्नापासून राग होता असं सगळी गल्ली समजून होती.

आठवडा जायचा. मग एखाद्या सकाळी मला काउंटरवरून दिसायचं की अण्णा घागर बांधता बांधता काहीतरी गुणगुणतायत. दोन दिवसांनी म्हणायचे, "तिसरं तेवढं बरं हाय." पंधरवड्यानं दुसरं आणि पाचवंही सुधारायचं. महिन्यानं रस्त्यानं जाणाऱ्याला हाताला धरून आत बसवायचे आणि ऐकवायचे. मग सर मुद्दाम विचारायचे, "काय रं, संपल्याली पोरं ही?"

"मी कवा म्हणलो? मी तर पयल्याच दिशी म्हणलोतो, पोरांनी नाव काढलं म्हणून!"

आमच्याकडं हे असंच आहे. गोड बोलायचं ते परक्याशी. पाहुण्याला आपण 'या, बसा, छान झालं' म्हणतो. घरच्या माणसाला तसं म्हटलं तर तो विचारात पडतो, आपलं काय चुकलं म्हणून. अण्णा पोरांना शिव्या देत होते कारण पोरं घरची होती, आणि सर अण्णांना देत होते कारण अण्णाही घरचे होते. हे इतकं उघड होतं की ते कधी कुणी बोलून दाखवलं नव्हतं, आणि म्हणूनच पुढचा घोटाळा झाला.

दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. बायपास झाली. दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा नाकात नळ्या असतानाही डॉक्टरांबद्दल मत तयार होतं. "लई बारका हाय. ह्याला काय येतंय म्हणून मला कापायला दिलं?" ऑपरेशन उत्तम झालं. अण्णा घरी आले. थोडे वाळले, पायऱ्या चढताना मध्ये थांबायला लागले, एवढंच.

पण वैनी हबकल्या होत्या. एक दिवस त्यांनी मला आणि सरांना माझ्या दुकानात गाठलं. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारख्या त्याही स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात.

"तुमास्नी एक सांगायला आलो," त्या म्हणाल्या. "ह्यास्नी चिडू द्यायचं न्हाई. काय म्हणतील ते बरोबर हाय म्हणायचं. वाद न्हाई, आवाज न्हाई. डॉक्टरांनी सांगितलंय." मग त्या सरांकडं वळल्या. "सर, तुमाला हात जोडतो."

सरांनी आखाड्यात कधी मान खाली घातली नसेल, ती तिथं घातली. मीही शब्द दिला. गोळ्या मीच देत होतो, त्यामुळं प्रकरण नाजूक आहे याची मला जरा जास्तच जाणीव होती.

आणि नेमका त्याच सुमाराला पोरांचा नवा अल्बम आला. मध्ये बरीच वर्षं काही आलं नव्हतं. थोरला आजारी होता म्हणे. आता गाणार नाही असंही छापून आलेलं. अण्णांनी त्या दिवशी धुतलेला शर्ट घातला, उदबत्ती लावली. आम्ही दोघं जाऊन बसलो. पातेलं मांडीवर आलं, डोळे मिटले.

मला त्यातलं काही कळत नाही, पण थोरला आता पहिल्यासारखा ओरडत नाही एवढं माझ्याही ध्यानात आलं. शेवटचं गाणं संपलं. अण्णांनी डोळे उघडले.

"संपली," ते म्हणाले. "ह्या खेपेला खरंच संपली. थोरल्याचा आवाजच ऱ्हायला न्हाई."

आणि पातेलं बाजूला ठेवून, बाह्या सारून, सरांकडं बघितलं.

सर म्हणाले, "बरोबर हाय."

अण्णांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"बरोबर हाय तुजं. संपलीच म्हणायची. पाणी देऊ काय जरा?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली आणि उदबत्तीकडं बघत बसलो. मग त्यांनी आम्हाला चाचपायला सुरुवात केली. म्हणाले, आडदांडापेक्षा लग्नातला बँडवाला बरा वाजवतो. आम्ही म्हटलं, वाजवतो की. म्हणाले, ह्या असल्या गाण्यापायी आपला जन्म फुकट गेला. सर म्हणाले, "तसं बघितलं तर... व्हय." अण्णांचा चेहरा उतरायला लागला. शेवटी त्यांनी ठेवणीतलं काढलं.

"कदम्या, पेठेची तुमची टीम. सगळी घाबरट. बॉल बघितला की पळत्यात. बंद करा म्हणावं ती, आणि पोरांना भजनाला बसवा."

मी डोळेच मिटले. हे वाक्य आमच्या गावात ज्यानं ज्याला म्हटलं, ते दोघं त्या दिवशी तरी नीट घरी गेलेले नाहीत. सरांच्या कानशिलावरची शीर उडत होती. मुठी वळल्या, मोकळ्या झाल्या. कुठून तरी खोलातून आवाज आला, "असंल. घाबरट असतील. तू म्हणतोस म्हंजे असतील."

अण्णा उठले, स्पीकर बंद केला, आणि म्हणाले, "बरं. जावा आता तुमी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या काउंटरवर आले. गिऱ्हाईक गेल्याची खात्री करून पुढं वाकले.

"विन्या, खरं सांग. डॉक्टर काय म्हणलाय? किती दिवस हायत?"

"कुणाचे?"

"माजं. कदम्या टीमला घाबरट म्हणला. मी हयातीत असं कवा ऐकलं न्हाई. मरणाऱ्या माणसासंगंच कोण भांडत न्हाई. मला कळत न्हाई व्हय?"

मी हादरलो. घाईघाईनं म्हणालो, "अण्णा, काहीतरीच काय! तुमची तब्येत एकदम छान आहे. रिपोर्ट सगळे उत्तम. चेहऱ्यावर तर केवढं तेज आलंय!"

अण्णांनी माझ्याकडं इतक्या दुःखानं बघितलं की मला ते आयुष्यभर विसरता येणार नाही. "बघ," ते म्हणाले, "तू पण गोड बोलालायस." आणि रस्ता ओलांडून गेले.

त्यानंतर दुकानातून आवाज येईनासा झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला समोरच्या भांड्यांचा खणखणाट ऐकू यायला लागला, आणि तो मला आवडला नाही. अण्णा कुणाच्या जावयाबद्दल बोलेनात, रस्त्याबद्दल बोलेनात. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला तर "न्या" म्हणायला लागले. कदम सर येऊन बसायचे, दोघं हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि सर डोळे पुसत घरी जायचे. आपण मित्राला वाचवतोय अशी त्यांची समजूत. मला घोटाळा दिसत होता, पण वैनींना शब्द दिलेला, आणि त्यात खरंच काही झालं तर ही धास्ती. मी गप्प बसलो.

मग एक दिवस दुपारी वैनीच धावत माझ्याकडं आल्या. पदर सावरायचंही भान नव्हतं.

"विनूभाऊ, ह्यास्नी काय झालंय? काल मला कपाटाच्या किल्ल्या कुठं हायत ते दावलं. आज म्हणत्यात, भांडी सगळी मोडीत काढू नको, धाकट्या भावाला विचारून इक. जेवत न्हाईत. गाणं न्हाई, काय न्हाई. तुमी सांगितलंसा काय त्यास्नी? डॉक्टरांनी माज्यापासनं काय लपीवलंय काय?"

आता नवराही घाबरलेला आणि बायकोही घाबरलेली, आणि दोघांना घाबरवणारे आम्ही. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. निकाल, सरांचं 'बरोबर हाय', टीम, आणि अण्णांनी मला विचारलेला प्रश्न.

"वैनी, डॉक्टरांनी नेमकं काय सांगितलेलं?"

"रोज चालाय लावा आणि तूप कमी घाला म्हणलेत."

"आणि चिडायचं नाही ते?"

वैनी हळूच म्हणाल्या, "ते मीच घातलं त्यात."

मग त्या उठल्या, पदर कमरेला खोचला, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना न बघता सरळ समोर गेल्या. माझ्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. असतं तरी मी थांबलो नसतो.

अण्णा गादीवर नुसते बसले होते. वैनींनी त्यांच्या शेजारचा फोन उचलला, स्पीकरला जोडला, बोटानं सरसर पुढं सरकवत चौथं गाणं लावलं आणि आवाज मोठा केला. हे त्यांना येतं हेच मला ठाऊक नव्हतं. अण्णांनाही नसावं.

"काय म्हणालासा त्या दिशी?" वैनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आवाज ऱ्हायला न्हाई? कान हायत का भोकं? चवथं गाणं ऐकलासा काय नीट?"

अण्णा बघतच राहिले. "तुला काय कळतंय त्यातलं?" ते म्हणाले, पण अगदी बारीक आवाजात.

"लगीन झाल्यापासनं ऐकालोय न्हवं! मला काय सुट्टी हाय व्हय ह्यातनं? तुमी बंद केलासा, तर घर खायला उठलं. रोज दुपारी तुमचा डोळा लागला की मीच लावतो सैपाकघरात. बघूदे तरी म्हटलं, एवढं काय वाईट हाय ते." वैनींनी दम घेतला. "थोरला आदी अख्खी ओळ एका दमात म्हणायचा. आता अर्ध्यात थांबतोय. श्वास घेतोय, मग म्हणतोय. जमत न्हाई त्याला. पर ओळ सोडत न्हाई. अर्ध्यात टाकून किल्ल्या कुठं हायत ते दावत फिरत न्हाई!"

"दवाखान्यातनं आल्यापासनं तुमच्या उशाशी बसून श्वासच ऐकालोय मी," वैनी म्हणाल्या. "मला शिकवू नका दम खाणं म्हंजे काय ते."

"म्हंजे डॉक्टर..." अण्णा म्हणाले. "म्हंजे मी चाललो न्हाई?"

"चालला असतासा तर मी असं बोललो असतो व्हय? शिरा करून घातला असता की! डॉक्टर काय म्हणले न्हाईत. ह्या सगळ्यास्नी मीच गप केलंतं. माजं चुकलं. झालं समाधान?"

अण्णांचे कान लाल झाले, मग गळा, आणि मग त्यांनी तो आवाज काढला जो मी कित्येक दिवस ऐकला नव्हता.

"चवथं? चवथं चांगलं म्हणतीस? भिकार हाय चवथं! सातवं बघ, सातवं! कळत न्हाई तर बोलावं कशाला माणसानं?"

"सातवं तर झोपून म्हटलंय त्यानं!"

"झोपून? थोरला झोपून?"

आवाज सर बसतात त्या चहाच्या टपरीपर्यंत पोचला असावा, कारण कदम सर धोतराचा सोगा धरून पळतच आले. दारात उभं राहून त्यांनी अण्णांचा लाल चेहरा बघितला, वैनींचा कमरेला खोचलेला पदर बघितला, माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. सरांना तेवढं पुरलं. आत शिरता शिरता त्यांनी साठवून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. टीम, भजन, अण्णांचं घराणं, शाळेतल्या चोऱ्या. रडत होते की शिव्या देत होते ते सांगणं अवघड होतं. अण्णा त्यांच्या प्रत्येक शिवीला मान डोलवत होते, पोटभर जेवण मिळाल्यासारखे.

"गप बसा दोघं!" वैनी मध्येच ओरडल्या. बोट वर केलं. "ऐका. आता येतंय ते."

दोघं गप्प झाले. गाणं शेवटाकडं आलं होतं. थोरल्यानं ओळ सुरू केली, आणि मध्येच थांबला. इतका बारीक श्वास, पण तो मलासुद्धा ऐकू आला. अण्णांचा हात छातीवरच्या टाक्यांवर गेला. वैनी त्यांच्याकडं न बघता भांड्यांच्या उतरंडीकडं बघत उभ्या होत्या. मग थोरल्यानं उरलेली ओळ उचलली, आणि त्याच्याबरोबर अण्णांनीही, भसाड्या आवाजात, आमच्या गावच्या इंग्रजीत.

माझ्या दुकानापाशी कुणीतरी येऊन उभं होतं, म्हणून मी निघालो. काउंटरमागं जाऊन समोर बघितलं तर अण्णा गादीवर उठून उभे राहिले होते, एक हात वर, मान मागं, आणि चेहरा पार तांबडा. गाणं कधीच संपलं होतं, हे मात्र थांबायला तयार नव्हते. गल्लीभर वैनींचा आवाज घुमला.

"अवो, दम खावा की वाईच! त्यो थोरला कसा थांबतोय, तसं!"